पेशंटसोबतच्या माणसाच्या मनात काय चालतं

कॅन्सरच्या उपचारासाठी रेल्वेने प्रवास करायचा असेल, तर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत मिळते आणि त्याच्यासोबतच्या एका माणसाला 75 टक्के. हा पेशंट एकटा येणार नाही, कुणीतरी सोबत असणारच, हे रेल्वेने नियमात धरलेलं आहे. हॉस्पिटलात पोचलं की मात्र केसपेपरवरचे सगळे रकाने पेशंटचे असतात. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, दुखणं दहापैकी किती. शेजारच्या खुर्चीवर मांडीवर फाईल घेऊन बसलेल्या बायकोला, मुलाला किंवा सुनेला गेल्या महिन्यात झोप लागली का, हे लिहायला कुठे जागा नसते. बहुतेक वेळा कुणी विचारतही नाही.

हा लेख त्या खुर्चीवरच्या माणसाबद्दल आहे. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 14 लाख लोकांना नव्याने कॅन्सरचं निदान होतं. आपल्याकडे पेशंटची काळजी घरच्यांनीच घ्यायची असते, पगारी नर्स मोजक्याच घरांना परवडते. म्हणजे दर वर्षी लाखो माणसं कसलंही शिक्षण नसताना एका दिवसात नर्स, स्वयंपाकी, हिशेबनीस आणि नातेवाइकांना निरोप देणारी होतात. याचा मनावर परिणाम होणार हे उघड आहे. तरी त्याबद्दल बोललं जात नाही, कारण 'त्रास तर त्यांना होतोय, मला काय झालंय?' हे उत्तर प्रत्येकाच्या तोंडी तयार असतं.

हा त्रास मोजता येतो

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलात डॉ. जिमी हॉलंड यांनी 1977 मध्ये कॅन्सर पेशंटच्या मनाकडे बघणारा विभाग सुरू केला. सायको-ऑन्कोलॉजी ही वैद्यकशास्त्राची शाखा वाढवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या गटाने 1990च्या दशकात एक साधं साधन आणलं. कागदावर काढलेला थर्मामीटर, त्यावर 0 ते 10 आकडे. गेल्या आठवडाभरात मनाला किती त्रास झाला, त्या आकड्यावर खूण करायची. 4 किंवा त्याहून जास्त आलं, तर डॉक्टरांनी पुढे विचारपूस करायची.

मला या कागदाचा आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो सोबतच्या यादीचा भाग. पैसे, प्रवास, मुलांची सोय, नोकरी, नवरा-बायकोतलं नातं, झोप, देवाधर्मावरचा विश्वास, यातलं काय छळतंय तेही तिथे विचारलेलं असतं. मनाचा त्रास हवेतून येत नाही, तो अशा ठोस गोष्टींतून येतो, हे त्यात गृहीत आहे. पेशंटसाठी केलेला हा थर्मामीटर पुढे घरच्यांसाठीही वापरला जाऊ लागला. त्यातून आणि अशा इतर प्रश्नावल्यांतून वारंवार दिसलं, की सोबतच्या माणसाची चिंता आणि नैराश्य पेशंटच्या तोडीचं असू शकतं. आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर नवरा किंवा बायको पेशंटपेक्षाही जास्त खचलेली आढळते.

हा त्रास शरीरातही उतरतो. 1995 मध्ये अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या 13 स्त्रियांच्या हातावर एक छोटी, मोजून केलेली जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं गेलं. त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. 1999 मधला आणखी एक अभ्यास आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या वृद्धांचा होता. काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांचा चार वर्षांत मृत्यू होण्याचा धोका इतरांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त निघाला. जे काळजी घेत होते पण ताणाखाली नव्हते, त्यांच्यात तसा वाढलेला धोका दिसला नाही. हे दोन्ही अभ्यास खास कॅन्सरवरचे नाहीत, पण या घरांनाही ते लागू पडावेत असं वाटण्याइतकं साम्य त्यांत आहे. सेवा करण्याने माणूस मोडत नाही. एकट्याने, न झोपता, कुणाला काही न सांगता करत राहिल्याने मोडतो.

रात्री दोन वाजता कपाळावर हात

एक नेहमीची रात्र घेऊ. केमो होऊन आठ-दहा दिवस झालेत. या सुमाराला रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, आणि जंतुसंसर्ग झाला तर शरीराकडे लढायला फारसं काही नसतं. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी बजावलेलं असतं: ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच कळवा. सूचना बरोबर आहे, त्याने जीव वाचतात. पण ती ऐकलेल्या बायकोचं त्या आठवड्यात काय होतं? ती दोनला उठते, नवऱ्याच्या कपाळाला हात लावते. गरम वाटतंय की आपलाच हात गार आहे? थर्मामीटर लावते. 99.6. परत आडवी होते. आता झोप येत नाही. अर्ध्या तासाने पुन्हा उठते. मोबाईलमध्ये रिक्षावाल्याचा नंबर वर काढून ठेवते. कपाटातली पैशांची पिशवी एकदा चाचपते. सकाळी सहाला डबा, पाणी, मुलांची शाळा.

तान्ह्या बाळाच्या आईची झोप अशीच सावध असते. फरक एवढाच, की बाळ दर महिन्याला थोडं मोठं होतं आणि इथे हे कधी संपेल ते कुणी सांगू शकत नाही. धोक्याच्या वेळी शरीर ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं. ती थोड्या वेळासाठी उपयोगाची असतात. महिनोनमहिने ही यंत्रणा चालू राहिली, की छातीत धडधड, ॲसिडिटी, मानेत आखडलेपण, विसराळूपणा आणि क्षुल्लक गोष्टीवरून मुलांवर ओरडणं सुरू होतं. 'माझा स्वभावच बदललाय,' असं अनेक जण म्हणतात. स्वभाव बदललेला नसतो, महिनाभराची झोप राहिलेली असते.

याला उपाय आहे आणि तो मनाला समजावण्याचा नाही. केमोनंतरच्या त्या आठवड्यात रात्रीची पाळी वाटून घ्यायची. दोन रात्री भावाने, दोन रात्री मेहुणीने. तापाचा आकडा आणि हॉस्पिटलचा रात्रीचा फोन नंबर कागदावर लिहून पलंगाजवळ चिकटवायचा, म्हणजे ते डोक्यात धरून झोपावं लागत नाही.

ताटावरची भांडणं

कॅन्सरच्या घरात सर्वात जास्त भांडणं कशावरून होतात? जेवणावरून. 'एक घास तरी खा.' 'तुझ्यासाठी मुद्दाम मऊ भात केला.' 'असं उपाशी राहिल्यावर ताकद कुठून येणार?' समोरचा तोंड फिरवतो. करणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, मग राग येतो, मग रागावल्याची लाज वाटते. दिवसातून तीनदा.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच कॅन्सरमध्ये, विशेषतः आजार वाढल्यावर, शरीरात सायटोकाइन नावाची दाह निर्माण करणारी रसायनं वाढतात. ती मेंदूतल्या भुकेच्या केंद्रावरच परिणाम करतात आणि स्नायू झिजवतात. डॉक्टर याला कॅकेक्सिया म्हणतात. साध्या उपासमारीत जास्त खाल्लं की वजन परत येतं, इथे नुसत्या खाण्याने ते पूर्ण भरून येत नाही. शिवाय केमोमुळे तोंडाची चव जाते, काहींना सगळं धातूसारखं लागतं, लसणाच्या फोडणीचा वास आला तरी मळमळतं. म्हणजे तो माणूस तुमचं प्रेम नाकारत नसतो. त्याच्या शरीरातला भुकेचा निरोपच पोचत नसतो.

आहारतज्ज्ञांना जरूर विचारा, आणि मळमळ, तोंड येणं, बद्धकोष्ठ यांवर औषधं असतात ती मागून घ्या. थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या, गरम पदार्थांपेक्षा कोमट पदार्थांना वास कमी येतो, ताटाऐवजी वाटीत वाढा. पण अगदी शेवटच्या टप्प्यात भूक आपोआप मावळते. तिथे न खाल्ल्यामुळे माणूस जात नसतो, आजाराने शरीर थांबत आलेलं असल्यामुळे खाणं थांबतं. हे वेळेवर कुणी सांगितलं नाही, तर 'मी भरवण्यात कमी पडले' ही बोच पुढे वर्षानुवर्षं राहते. ती बोच खोटी आहे आणि टाळता येण्यासारखी आहे, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

'आईला सांगू नका हं, डॉक्टर'

हे वाक्य कन्सल्टिंग रूमच्या दारात, पेशंट वजन करायला गेला की, हलक्या आवाजात बोललं जातं. आईला 'साधी गाठ' आहे, बाबांना 'अल्सर' आहे. हेतू चांगलाच असतो: ऐकून ती खचेल, उपचार सोडेल. पण गुपित सांभाळणाऱ्याला त्याची केवढी किंमत मोजावी लागते, ते कुणी बघत नाही. त्याला घरात रडता येत नाही. फाईल लपवावी लागते. आत्या आली की आधी जिन्यात गाठून 'काही बोलू नका' म्हणावं लागतं. घरात ज्या माणसाजवळ मन मोकळं करायची सवय होती, नेमकं त्याच्याशीच खोटं बोलावं लागतं.

आणि पेशंटला बहुधा कळलेलं असतं. रेडिएशनच्या विभागावर पाटी असते. बाकावर शेजारी बसलेली बाई स्वतःहून विचारते, 'तुमचा कुठला?' केस गळायला लागल्यावर अल्सरची गोष्ट टिकत नाही. मग आई मुलांसाठी आणि मुलं आईसाठी नाटक करत राहतात. दोघंही एकटे पडतात. मुलीच्या लग्नाबद्दल, बँकेच्या कागदांबद्दल, कुणाशी तुटलेलं बोलणं सांधण्याबद्दल जे बोलायचं असतं, ते राहून जातं.

अशा कुटुंबाला पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे पेशंटचं दुखणं आणि घरच्यांचा त्रास कमी करण्याकडे बघणारे, डॉक्टर दटावत नाहीत. आधी त्यांची भीती ऐकून घेतात, मग घरच्यांच्या परवानगीने पेशंटलाच विचारतात: 'तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी आहे?' काही जण म्हणतात, 'मुलाला सांगा, मला नको.' तोही त्यांचा हक्क. पण बरेच जण विचारतात, आणि उत्तर ऐकल्यावर घरच्यांना वाटलं होतं तसं कोसळत नाहीत. घरीही हा प्रश्न विचारता येतो. सत्य एका दमात ओतायचं नसतं, जेवढं विचारलं जाईल तेवढं खरं सांगायचं असतं.

जे विचार कुणाला सांगता येत नाहीत

बऱ्याच दिवसांनंतर एखाद्या रात्री मनात येतं, 'यातून एकदाचं सुटावं.' तो, आणि मीही. त्याच क्षणी स्वतःची घृणा वाटते. नवरा गुटखा खात होता, पन्नासदा सांगितलं होतं, आता मुलीच्या शिक्षणाचे पैसे त्याच्या जबड्याच्या ऑपरेशनला चाललेत. त्याचा राग येतो, आणि आजारी माणसावर रागावणं पाप वाटतं. सासूची सेवा करणाऱ्या सुनेला नणंद फोनवरून सूचना देते आणि रविवारी येऊन 'आई किती वाळली' म्हणते, तेव्हा जे वाटतं ते बोलायची सोय नसते.

हे विचार वाईट माणसांच्या मनात येत नाहीत, थकलेल्या माणसांच्या मनात येतात. कॅन्सरच्या घरांसोबत काम करणाऱ्या कोणत्याही समुपदेशकाला ते नवे नाहीत. जवळचं माणूस हयात असतानाच त्याच्या जाण्याचं दुःख सुरू होतं, हे 1944 मध्येच एरिक लिंडमन या मानसोपचारतज्ज्ञाने नोंदवलं होतं. असं आधीच सुरू झालेलं दुःख म्हणजे आशा सोडणं नव्हे. सकाळी उपचारासाठी धावपळ करणारा आणि रात्री त्याच्याशिवायच्या घराची कल्पना करून रडणारा माणूस एकच असू शकतो.

पुरुषांचं वेगळं सांगायला हवं. बायकोला स्तनाचा कॅन्सर झालेला नवरा कर्ज उभं करतो, सगळी बिलं भरतो, आणि ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी जमा होणारी तिची ड्रेनेजची पिशवी रिकामी करताना त्याचे हात थरथरतात. तो बोलत नाही. त्याचं दुःख पुष्कळदा चिडचिड, दारू किंवा कामात बुडवून घेणं असं बाहेर येतं आणि नातेवाईक त्याला 'फार खंबीर आहे हो' म्हणतात. 'खंबीर राहा' हा सल्ला ज्याला मिळतो, त्याच्या मदत मागण्याच्या वाटा त्याच शब्दांनी बंद होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुःख कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो

रडू येणं, घाबरणं, भूक कमी होणं हे सगळं या परिस्थितीत साहजिक आहे. पण दोन आठवडे किंवा जास्त काळ, दिवसातला बहुतेक वेळ उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, दुसरं कुणी पेशंटजवळ असून झोपायला मिळालं तरीही झोप लागत नसेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, तर हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. समुपदेशन आहे, गरज पडल्यास गोळ्या आहेत. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, त्यांचा गुण दिसायला मात्र काही आठवडे लागतात आणि त्या डॉक्टरांना विचारूनच बंद करायच्या असतात. जगणं नकोसं वाटत असेल, आत्महत्येचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. पेशंटनेच फोन करायला हवा असं अजिबात नाही.

मदतीचा उपयोग होतो का? 2010 मध्ये लॉरेल नॉर्टहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सर पेशंटच्या घरच्यांसाठी केलेल्या उपायांच्या 29 चाचण्या एकत्र तपासल्या. आजाराची माहिती देणं, काळजी घ्यायचं कौशल्य शिकवणं, समुपदेशन, अशा उपायांनी ओझं कमी झाल्याचं आणि सामोरं जाण्याची ताकद वाढल्याचं दिसलं. परिणाम चमत्कारासारखा नव्हता, लहान ते मध्यम होता, पण खरा होता. 2015 मधल्या एका अमेरिकन चाचणीत घरच्यांना फोनवरून मार्गदर्शन दिलं गेलं. ज्यांना ते पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचं निदान झाल्याझाल्या मिळालं, त्यांच्यातलं नैराश्य तीन महिने उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा कमी होतं. म्हणून कोलमडायची वाट पाहू नये.

आपल्याकडे सुरुवात कुठून करायची? मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर असतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेपासून राहण्याच्या सोयीपर्यंतची माहिती त्यांच्याकडे मिळते, आणि पैशाचा गुंता थोडा सुटला की मनावरचं ओझं खरोखर उतरतं. परळच्या टाटा हॉस्पिटलात गावाहून आलेल्यांना जागा मिळाली नाही तर आसपासच्या फुटपाथवर मुक्काम पडतो. अशा वेळी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांची चौकशी आधीच करावी. अशा ठिकाणी आणखी एक गोष्ट आपोआप घडते. नळावर भांडी घासताना जळगावची बाई कोल्हापूरच्या बाईला सांगते, की तोंड आल्यावर तिने काय केलं. तिला समजावून सांगावं लागत नाही, कारण ती त्यातूनच जाते आहे.

दुसरं, पॅलिएटिव्ह केअरला लवकर भेटा. हा विभाग फक्त शेवटच्या दिवसांसाठी आहे, असा आपल्याकडे पक्का समज आहे आणि त्यामुळे फार नुकसान होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतच पेशंटसोबत कुटुंबाचा उल्लेख आहे. उपचार चालू असतानाही त्यांच्याकडे जाता येतं. दुखणं आटोक्यात आणणं हे त्यांचं मोठं काम, आणि सोबतच्या माणसाला सर्वात हतबल करणारी गोष्ट म्हणजे आपलं माणूस रात्रभर कण्हत असताना काहीच करता न येणं. तीव्र दुखण्यावरचं मॉर्फिन हे औषध मिळणं सोपं व्हावं म्हणून 2014 मध्ये कायदाही बदलला गेला. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं म्हणजे शेवट आला, असं नसतं. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण, उभं राहिलं, त्यांचं गोव्यातही केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून आहे.

भेटायला जाणाऱ्यांनो

'काही लागलं तर सांग' म्हणू नका. काळजी घेणारी बाई सांगणार नाही. 'गुरुवारी रेडिएशनला मी घेऊन जातो, तू घरी झोप,' असं म्हणा. डबा न्या आणि रिकामा डबा घ्यायला दुसऱ्या दिवशी जा. ओळखीच्या वैद्यांचा पत्ता, कुठल्यातरी काढ्याचा व्हिडिओ, 'आमच्या मामांना पण हेच झालं होतं' ही गोष्ट, यातलं काही नेऊ नका. चाललेल्या उपचारांवर शंका घेतली की निर्णय घेणाऱ्याची आणखी आठ दिवसांची झोप जाते. पेशंटशी बोलून झालं की जाताना दारात तिला विचारा, 'तू कशी आहेस?' आणि तिच्या उत्तरासाठी दोन मिनिटं थांबा.

उपचार संपले की घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कित्येक जण तेव्हाच आजारी पडतात किंवा रडायला लागतात, कारण तोवर थांबायला फुरसतच नव्हती. पुढे दर तपासणीच्या आधीचा आठवडा पुन्हा धाकधुकीचा जातो, आणि ही धाकधूक वर्षांनुसार हळूहळू कमी होते.

माणूस गेला, तर तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवसापासून औषधांच्या वेळा नाहीत, फाईल नाही, रात्री उठायचं कारण नाही, आणि जिने दोन वर्षं हेच केलं तिला दिवसाचं काय करायचं ते कळत नाही. तिला महिन्याने फोन करा, तीन महिन्यांनी करा, पहिल्या दिवाळीला करा, आणि गेलेल्याचं नाव घेऊन बोला. सहा महिने उलटल्यावरही दुःखाची धार तशीच असेल, रोजचे व्यवहार जमत नसतील, तर दीर्घकाळ लांबलेलं दुःख हा आता वैद्यकशास्त्राने स्वतंत्रपणे मान्य केलेला त्रास आहे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे तिच्यासोबत कुणीतरी जावं, किंवा पेशंटवर उपचार करणाऱ्या पॅलिएटिव्ह टीमलाच फोन करावा. अनेक टीम पेशंट गेल्यानंतरही त्या घराच्या संपर्कात राहतात.